केडीई प्लाझ्मा ६ : मराठी डीटीपीच्या टेबलावर आठ महिने

माझ्या कीबोर्डावरची सी आणि व्ही ही दोन अक्षरं साफ पुसली गेली आहेत. टीव्हीएस गोल्ड आहे, खटखट वाजणारा, आणि चालतो आहे तोवर मी तो बदलणार नाही. अक्षरं पुसली म्हणून माझं काही अडत नाही. मी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कीबोर्ड-मांडणीवर, टाइप करते. तिथे सी म्हणजे म, व्ही म्हणजे न आणि एस म्हणजे मात्रा. म्हणजे कॉपी माझ्यासाठी कंट्रोल-म, पेस्ट कंट्रोल-न आणि सेव्ह कंट्रोल-मात्रा. बोटांना हे पाठ आहे.

गोव्यात फोंड्याला वरच्या बाजाराजवळ, घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं, काम चालतं. जत्रांच्या पत्रिका, देवस्थानांचे वार्षिक अहवाल, नाट्यमंडळांच्या स्मरणिका, चवथीच्या आधी निघणारे विशेषांक, मधूनच एखादा कवितासंग्रह. लेख मराठीत, एखादी कविता कोकणीत, जाहिराती बहुतेक इंग्रजीत. एकाच पानावर तीन भाषा ही आमच्याकडे नेहमीचीच गोष्ट. त्यामुळे कीबोर्डाची भाषा मी दिवसातून किती वेळा बदलते याची गणती नाही. बदलायचं बटण चुकलं तर पान चुकतं.

केडीई प्लाझ्मा हा लिनक्सवरचा, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या एका प्रणालीवरचा, डेस्कटॉप. तो दिसायला कसा आहे, किती वेगाने उघडतो, वॉलपेपर कुठले आहेत, हे मी इथे लिहिणार नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. मी बटण दाबते तेव्हा ते कोणाला मिळतं? डेस्कटॉपाला की मी ज्यात काम करते आहे त्या प्रोग्रामला? आणि दोघांनाही तेच बटण हवं असेल तर निवाडा कोण करतं? दिवसाचे नऊ-दहा तास कीबोर्डावर हात असणाऱ्या माणसासाठी डेस्कटॉपाची खरी परीक्षा हीच आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि ते मत मला फार महागात पडून झालेलं आहे.

दोन वर्षांमागे एका नाट्यमंडळाची स्मरणिका माझ्याकडे होती. छप्पन्न पानं, त्यातली एकवीस जाहिरातींची. तेव्हाच्या संगणकावर दुसरा डेस्कटॉप होता आणि भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्ट लावलेलं होतं. पूर्वी विंडोजवर तसंच असायचं, हात त्यालाच सरावलेले, म्हणून मीच तसं ठेवून घेतलं होतं. आता लिबरऑफिस राइटरमध्ये, म्हणजे मी लेख टाइप करते त्या प्रोग्राममध्ये, बाहेरचा मजकूर त्याचा साज काढून, निव्वळ अक्षरं म्हणून चिकटवायचा तर कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही दाबावं लागतं. व्हॉट्सअॅपवरून आलेला मजकूर मी नेहमी तसाच घेते, नाहीतर कोणाकोणाचे फॉन्ट आणि रंग पानात शिरतात. पण त्या चार बटणांत ऑल्ट आणि शिफ्ट दोन्ही आहेत. मजकूर चिकटायचा आणि त्याच दाबात भाषाही पालटायची. चिकटलेला मजकूर बरोबर असायचा, म्हणून शंका यायला जागा नव्हती. पुढचं जे काही मी हाताने टाइप करणार, ते मात्र भलत्या लिपीत.

जाहिरातदार शेवटच्या क्षणी फोन नंबर बदलून सांगतात. तीन जाहिरातींत नंबरचे पहिले सहा आकडे चिकटवलेले, इंग्रजी. शेवटचे चार मी हाताने भरलेले, देवनागरी. बारीक टायपात इंग्रजी शून्य आणि देवनागरी शून्य, इंग्रजी दोन आणि देवनागरी दोन पटकन वेगळे ओळखू येत नाहीत. प्रूफ दोघांनी वाचलं होतं. छापून आल्यावर एका दुकानदाराने मंडळाच्या सेक्रेटरींना विचारलं, आमचा नंबर असा अर्धा-अर्धा का? त्यांनी मला दुखावेल असं काही बोलून दाखवलं नाही, पण जाहिरातीचे पैसे कापले गेले ते मंडळाचे. पुढच्या वर्षीची स्मरणिका मी मजुरी न घेता करून दिली. माझे वडील याच गावात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांच्या केसमध्ये प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला असे आणि हात न बघता तिथे जाई. छापखान्यात कोणी येऊन खणांची अदलाबदल केली असती, तर ते काम टाकून उठले असते.

माझा भाचा पर्वरीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला सगळं करून दाखवलं. तो दोन मिनिटं माझ्या बोटांकडेच बघत राहिला, मग म्हणाला, “मावशे, ती की मदींच कोण तरी खाता.”

मग त्याने जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आपण दाबलेलं बटण सरळ राइटरमध्ये किंवा इंकस्केप या चित्रकामाच्या प्रोग्राममध्ये जात नाही. ते आधी डेस्कटॉपाच्या हातात जातं. लिनक्सवर जुन्या एक्स११ पद्धतीत डेस्कटॉप आधीच नाव नोंदवून ठेवतो, की अमुक बटणांची जोडी माझी. मग ती जोडी खालच्या प्रोग्रामला दिसतच नाही. नव्या वेलँड पद्धतीत तर प्रत्येक बटण पहिल्यांदा खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडेच येतं. प्लाझ्मात त्याचं नाव केविन. त्याला नको असलेलं तेवढं तो पुढे देतो. प्रोग्राम बिचारा आपल्या मेनूत शॉर्टकट छापून बसलेला असतो, पण दाबलेलं बटण त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. म्हणून चूक झाल्याचा संदेश येत नाही, काही लाल होत नाही. आपल्याला वाटतं, आपण नीट दाबलं नाही.

भाषा बदलण्याच्या जोडीची गोष्ट आणखी निराळी. एक्स११मध्ये ऑल्ट-शिफ्ट दाबताक्षणी भाषा बदलते, सोडल्यावर नाही. म्हणजे व्हीपर्यंत बोट पोचायच्या आधीच काम झालेलं असतं. हे दुखणं फार जुनं आहे आणि कंट्रोल-शिफ्टवर भाषा ठेवणाऱ्यांनाही तेच भोगावं लागतं. त्यावर औषध एकच, की भाषेचं बटण असं निवडायचं ज्याच्यावरून दुसरा कुठलाच शॉर्टकट जात नाही.

भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत माझ्या संगणकावर डेबियन १३ ही लिनक्सची आवृत्ती घातली. त्यात प्लाझ्मा ६.३ येतो. प्लाझ्मा ६ ची ही पिढी २८ फेब्रुवारी २०२४ ला आली, तेव्हा मी वापरते ती अगदी कोरी नाही, रुळलेली आहे. मला तेच बरं वाटतं.

पहिल्याच दिवशी जे सुख मिळालं ते इंकस्केपमध्ये. मुखपृष्ठं मी तिथे करते. देवळाच्या शिखराचं रेखाटन, त्यावर समई, त्यावर मंडळाचं बोधचिन्ह, त्यावर अक्षरं, अशा थरांच्या खाली दडलेली वस्तू उचलायची तर ऑल्ट धरून क्लिक करायचं असतं. आणि निवडलेली वस्तू, वर काहीही असलं तरी, ऑल्ट धरून ओढता येते. पण लिनक्सच्या कितीतरी डेस्कटॉपांवर ऑल्ट धरून ओढलं की आख्खी खिडकीच हलते. एक्सएफसीई आणि सिनॅमन यांची मुळातली मांडणी तीच आहे. ती वाईट नाही, खिडकी कुठेही पकडून सरकवता येणं फार सोयीचं असतं. पण चित्रकाम करणाऱ्याच्या हातातलं ऑल्ट त्यात जातं. फोटोंवर काम करायच्या गिंपमध्येही निवडलेल्या भागाची चौकट सरकवायला ऑल्टच लागतं. थ्रीडी चित्रांसाठीचं ब्लेंडर वापरणाऱ्यांचं दुखणंही हेच. प्लाझ्मात हे काम मेटा बटणावर आहे, म्हणजे ज्याच्यावर विंडोजची खूण असते त्यावर. ऑल्ट इंकस्केपला मोकळं. काहीही न बदलता. मी समईखालचं शिखर पहिल्या क्लिकला उचललं आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं, इतकी वर्षं मी त्यासाठी वरचे थर एकेक करून लपवत होते.

हे मेटा बटण माझ्या मते या सगळ्या भांडणाचं उत्तर आहे. थोडं मागे जाऊन बघा. कंट्रोल आणि ऑल्ट ही बटणं प्रोग्रामांनी फार आधी वाटून घेतली. आयबीएमने १९८७ साली कॉमन यूजर अॅक्सेस नावाचे नियम काढले. ऑल्ट-एफ४ ने खिडकी बंद होते, एफ१ ने मदत उघडते, ते तिथून आलं. कट-कॉपी-पेस्टची कल्पना संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर यांच्या कामातून आली आणि झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची चार बटणं अॅपलच्या यंत्रांवरून जगभर झाली. म्हणजे हे सगळे जुने रहिवासी. मेटा बटण मात्र १९९४ चं, मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डाबरोबर आलेलं. त्याच्यावर प्रोग्रामांचा हक्क नव्हता. तेव्हा साधा न्याय असा व्हायला हवा, की कंट्रोल आणि ऑल्ट प्रोग्रामांचं आणि मेटा डेस्कटॉपाचं. डेस्कटॉपाने आपला सगळा संसार मेटावर मांडावा. प्लाझ्मा हे बऱ्याच अंशी पाळतो. मेटा-डब्ल्यूने सगळ्या खिडक्या एका नजरेत दिसतात, मेटा आणि बाणाने खिडकी अर्ध्या पडद्यावर बसते.

बऱ्याच अंशी म्हणते, पूर्ण नाही. केडीईची सुरुवात १९९६ ची. तेव्हा हे बटण सगळ्या कीबोर्डांवर नसायचं. त्या काळच्या खुणा आजही आहेत, आणि त्या नेमक्या माझ्या वाटेवर आहेत.

कंट्रोल-एफ१०. राइटरमध्ये हे दाबलं की न छापली जाणारी चिन्हं दिसतात. शब्दांमधली जागा ठिपक्याने, परिच्छेदाचा शेवट खुणेने, टॅब बाणाने. मुद्रितशोधन करणाऱ्यासाठी हे बटण म्हणजे चष्मा आहे. लोकांकडून येणाऱ्या मजकुरात दोन शब्दांमध्ये दोन-दोन जागा, परिच्छेद तोडण्याऐवजी शिफ्ट-एंटरने तोडलेल्या ओळी, पूर्णविरामाच्या आधी सोडलेली जागा, हे सगळं असतंच. चिन्हं दिसली की ते पकडता येतं. कागदावर ते फक्त ‘काहीतरी खटकतंय’ इतकंच जाणवतं. मी एका लेखात हे बटण वीस वेळा तरी लावते-काढते. प्लाझ्मात कंट्रोल-एफ१० वर सगळ्या खिडक्या मांडून दाखवणारी सोय बसवलेली आहे. राइटरला ते मिळत नाही.

मग मी अख्खी ओळ तपासली. कंट्रोल-एफ१ ते एफ४ वर प्लाझ्मात आभासी डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या वेगवेगळ्या ठेवायचे पडदे, एक ते चार. राइटरमध्ये कंट्रोल-एफ२ ने पान क्रमांक, तारीख अशी फील्ड्स घालतात. लिबरऑफिसच्याच कॅल्कमध्ये, म्हणजे हिशेबाच्या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये, त्यानेच सूत्रं घालायचा फंक्शन विझार्ड उघडतो. कंट्रोल-एफ३ राइटरमध्ये ऑटोटेक्स्टचं, म्हणजे ठरावीक मजकूर साठवायच्या जागेचं. ‘श्री देवस्थानच्या वार्षिक जत्रोत्सवानिमित्त सर्व भाविकांस’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा जुळवलं असेल, ते मी ऑटोटेक्स्टमध्येच ठेवलेलं आहे. कंट्रोल-एफ७ प्लाझ्मात एकाच प्रोग्रामच्या खिडक्या दाखवतं, राइटरमध्ये समानार्थी शब्दांचा कोश उघडतं. कंट्रोल-एफ९ प्लाझ्मात चालू डेस्कटॉपावरच्या खिडक्या मांडतं, राइटरमध्ये फील्डची नावं दाखवतं. म्हणजे दोघंही त्याच ओळीत राहतात, भिंतीला भिंत लावून.

आता मला प्लाझ्मा आवडतो तो इथून पुढे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये शॉर्टकट्सचं एक पान आहे. तिथे डेस्कटॉपाचे सगळे शॉर्टकट एका ठिकाणी, नावासकट, शोधता येतील असे. प्रत्येक कामासमोर मुळातली जोडी आणि तिच्याशेजारी टिकची चौकट. टिक काढली की ती जोडी सुटली, प्रोग्रामकडे गेली. शेजारी आपल्या पसंतीची नवी जोडी घालता येते. मी एफ१ ते एफ४, एफ७, एफ९ आणि एफ१० या सातांच्या टिका काढल्या. डेस्कटॉप बदलायला मेटा-एफ१ पासून मेटा-एफ४ पर्यंत जोड्या दिल्या. खिडक्या मांडायला मेटा-डब्ल्यू आहेच, तेव्हा काही गमावलं असं नाही. चहा गार व्हायच्या आत काम झालं. फाइल उघडून तीत काही लिहायचं, टर्मिनलमध्ये आज्ञा द्यायच्या, असं काहीच नाही.

त्याच पानावर, दुसऱ्या कामाला आधीच दिलेली जोडी तुम्ही टाकायला गेलात तर प्लाझ्मा थांबवतो आणि सांगतो, ही जोडी या प्रोग्रामच्या या कामाकडे आहे, तिकडून काढून इकडे देऊ का? मी हे बघून थोडा वेळ काही केलंच नाही. इतकी वर्षं कोणी मला हे नाव घेऊन सांगितलं नव्हतं. ‘चालत नाही’ आणि ‘अमक्याकडे आहे’ यात काम करणाऱ्या माणसासाठी फार फरक आहे.

पण याची हद्द ओळखून असा. प्लाझ्माला फक्त त्याच्याकडे नोंदलेल्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या जोड्या माहीत असतात. लिबरऑफिसच्या आत, इंकस्केपच्या आत, पानं मांडायच्या स्क्रायबसच्या आत कोणतं बटण काय करतं, याची त्याला कल्पना नाही. तुम्ही डेस्कटॉपासाठी नवी जोडी घेताना ती राइटरची असेल तर तो सावध करणार नाही. ते तपासायचं तर प्रत्येक प्रोग्रामात जाऊन बघायचं. लिबरऑफिसमध्ये टूल्समधलं कस्टमाइझ, तिथलं कीबोर्डचं पान, इंकस्केपमध्ये प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेसखाली कीबोर्ड, स्क्रायबसमध्येही प्रेफरन्सेसमध्येच. मी तिन्ही याद्या बघून, मला लागणाऱ्या जोड्या एका पुठ्ठ्यावर लिहिल्या आणि कॅलेंडरशेजारी टांगल्या. एक रविवार गेला त्यात. ज्यांना शॉर्टकट बदलायचे आहेत त्यांनी आधी हा पुठ्ठा करावा असं मी आग्रहाने सांगेन, नाहीतर एक भांडण मिटवताना दुसरं उभं राहतं.

भाषेचं बटण. प्लाझ्मात मुळातली जोडी मेटा-ऑल्ट-के आहे. दिवसात चारदा भाषा बदलणाऱ्याला ती चालेल, मला नाही. एका शब्दासाठी तीन बटणं कोण दाबणार. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भाषा बदलण्यासाठी वेगळे पर्याय आहेत, त्यातलं कॅप्सलॉक मी निवडलं. देवनागरीला मोठी-लहान लिपी नाही. इंग्रजी जाहिरातीत मथळा मोठ्या अक्षरांत हवा असला तर मी शिफ्ट धरते. कॅप्सलॉक हे बटण मराठी माणसासाठी रिकामं पडलेलं शेत होतं. आता तिथे भाषा राहते. एकच बटण, त्याच्यावरून दुसरा कुठलाच शॉर्टकट जात नाही, आणि डाव्या करंगळीला ते न बघता सापडतं. बदलल्यावर पडद्यावर क्षणभर भाषेचं नाव येतं. कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही आता फक्त चिकटवण्याचं काम करतं. मराठीसाठी यादीत एन्हान्स्ड इन्स्क्रिप्टही आहे आणि कागप पद्धतीचा ध्वनीनुसार लेआउटही. कोकणीही मी मराठीच्याच लेआउटावर टाइप करते, देवनागरीच आहे. मात्र यादीतून इंग्रजी लेआउट कधी काढून टाकू नका. कंट्रोल-सीसारखे शॉर्टकट ओळखायला प्रोग्रामांना रोमन अक्षर लागतं, ते त्यांना तिथून मिळतं.

आणखी एक सोय आहे, जिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. भाषा सगळीकडे एकच ठेवायची, की प्रत्येक प्रोग्रामची वेगळी, की प्रत्येक खिडकीची वेगळी, हे ठरवता येतं. मी खिडकीनुसार ठेवलं आहे. लेखाची खिडकी मराठीत, जाहिरातीची इंग्रजीत, आणि एकीतून दुसरीत गेलं की भाषा आपोआप त्या खिडकीची. अर्ध्या-अर्ध्या नंबरांची माझी भीती यामुळे गेली. तरी प्रूफात फोन नंबर मी अजून एकेक आकडा बोट ठेवून वाचते. एवढंच लक्षात असू द्या, की जेवायला जाताना पडदा लॉक केला आणि भाषा मराठी राहिली असेल तर पासवर्डही देवनागरीत जाईल. लॉकच्या पडद्यावर भाषेचं बटण दिसतं, ते आधी बघून घ्यायचं.

आता जुन्या फाइलींचं. देवस्थानांचे काही अहवाल पेजमेकर या जुन्या डीटीपी प्रोग्राममध्ये आहेत, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, २००१ सालची. त्या फाइली टाकून देता येत नाहीत. महाजनांच्या याद्या, जुन्या उत्सवांचे हिशेब त्यात आहेत. म्हणून भाच्याने प्लाझ्माच्या आत एका खिडकीत जुनी विंडोज चालवायची सोय करून दिली. त्या खिडकीत मला ऑल्ट-टॅबपासून सगळी बटणं आतल्या विंडोजला मिळायला हवी होती, बाहेरच्या प्लाझ्माला नव्हे.

यासाठी प्लाझ्मात जे आहे ते मी आधी कुठेच पाहिलं नव्हतं. खिडकीच्या वरच्या पट्टीवर उजवं क्लिक, मोअर अॅक्शन्स, त्यात त्या खिडकीसाठी खास नियम. नियमांच्या यादीत एक गुण आहे: सगळीकडे चालणारे शॉर्टकट या खिडकीपुरते दुर्लक्षित करा. तो लावला, फोर्सवर ठेवला, होय केलं. आता ती खिडकी समोर असली की प्लाझ्मा आपले हात मागे बांधून उभा राहतो. दुसऱ्या खिडकीवर गेलं की पुन्हा सगळं पहिल्यासारखं. बाहेर यायला मात्र माउस घ्यावा लागतो, कारण ऑल्ट-टॅबही आतच गेलेलं असतं. मला ते मान्य आहे. ब्लेंडर किंवा खेळ वापरणाऱ्यांनीही हा नियम करून बघावा. एकेका खिडकीला वेगळा न्याय देता येणं, ही प्लाझ्माची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, आणि ती मेनूत इतकी आत आहे याचं मला वाईट वाटतं. शॉर्टकटच्या पानावरच तिचा उल्लेख हवा होता.

बाकी थोडक्यात. माझा संगणक जुना आहे, आठ जीबी रॅमचा. राइटर, इंकस्केप आणि ब्राउझर एकत्र चालतात, जुनी विंडोज उघडली की बाकीचं बंद करते. पावसात लायट गेली की यूपीएसवर सेव्ह करून बंद करायला पुरेसा वेळ मिळतो, प्लाझ्माने त्यात कधी खोळंबा केलेला नाही. छपाईच्या रंगांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. किंमत काहीच नाही.

जे ध्वनीनुसार टाइप करतात, म्हणजे रोमन अक्षरांनी मराठी, त्यांच्यासाठी एक सूचना. ते काम करणारा फसिटिक्स५ हा प्रोग्राम प्लाझ्मात चांगला चालतो. पण त्याची चालू-बंद करायची मूळ जोडी कंट्रोल-स्पेस आहे, आणि कॅल्कमध्ये, तसंच एक्सेलमध्येही, कंट्रोल-स्पेसने पूर्ण स्तंभ निवडला जातो. दरपत्रकं करणाऱ्याला ते रोज लागतं. पहिल्याच दिवशी फसिटिक्सच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ते बदला. आम्ही मेटा-स्पेस ठेवलं.

आम्ही म्हणते, कारण जत्रांचा हंगाम सुरू झाल्यापासून माझ्याकडे एक मुलगी मदतीला येते. कवळ्याहून. तिचं कॉलेज सकाळी असतं, दुपारी ती कोकणी आणि इंग्रजी मजकूर जुळवते. तिच्यासाठी त्याच संगणकावर वेगळं खातं केलं. शॉर्टकटच्या पानावर आपली सगळी मांडणी एका फाइलीत बाहेर काढता येते आणि दुसरीकडे आत घेता येते, तशी माझी मांडणी तिला दिली. आठवड्याभराने ती म्हणाली, “ताई, कंट्रोल-एफ७ मला परत हवंय.” तिच्याकडे राइटरच्या पाच-सहा खिडक्या एकदम उघड्या असतात, त्या एका झटक्यात समोर मांडून हव्या असतात. समानार्थी शब्दांच्या कोशात ती जात नाही, इंग्रजी जाहिरातींसाठी तो मला लागतो. पान उघडून तिच्या खात्यात ती टिक परत लावली. माझ्या खात्यात ती काढलेलीच आहे. पुठ्ठ्यावर एफ७ समोर आता दोन नावं आहेत.